आधी कयाधू, मग कळस

आषाढी एकादशीला पंढरपूरकडे चाललेला महाराष्ट्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यानंतरच्या वद्य एकादशीला हिंगोली तालुक्यातल्या नर्सी नामदेवला लोटणारी गर्दी मराठवाडा आणि वऱ्हाडाबाहेर फारशी कोणाच्या नजरेत येत नाही. पंढरीची वारी नर्सीला येऊन नामदेवांचे दर्शन घेतल्यावरच पूर्ण होते, अशी इकडच्या वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या परतवारीला दिंड्या येतात, एसटीच्या जादा गाड्या सुटतात, कयाधूच्या काठावरचे हे छोटे गाव माणसांनी भरून जाते. मंडळी मंदिरात जातात, माथा टेकतात आणि परततात. ज्या नदीच्या काठावर हे सारे घडते, त्या नदीकडे थांबून पाहणारे थोडेच.

नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म 1270 चा, कार्तिक शुद्ध एकादशीचा; वडील दामाशेटी, आई गोणाई. जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि काहींचा कौल पंढरपूरला आहे. पण नामदेवांचे घराणे नर्सीचे, ही परंपरा पक्की आहे. इथून दक्षिणेला औंढा नागनाथ. तिथे विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला, असे वारकरी सांगतात. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच नात्यामुळे. पंजाबातले शीख भाविक म्हणूनच नर्सीला येतात. एका खेड्याचे नाते एवढ्या दूरच्या मुलखाशी कित्येक शतकांनंतरही टिकून आहे, ही हिंगोली जिल्ह्याची खरी श्रीमंती आहे.

गावाचा हा इतिहास कीर्तनांतून सगळ्यांपर्यंत पोचला. भूगोल मात्र कोणी सांगत नाही. कयाधू वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होऊन ती गोदावरीला. याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडची पूर्णा परभणी जिल्ह्यात थेट गोदावरीलाच जाते. म्हणजे औंढ्याकडचे पाणी जवळच्या वाटेने गोदेत पोचते आणि नर्सीचे पाणी चंद्रपूर-गडचिरोलीचा वळसा घालून. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी मोठी धरणे झाली. कयाधूवर तसे धरण नाही. त्यामुळे पावसाळ्यात ती काठच्या शेतांत शिरते, उभे सोयाबीन आणि हळद घेऊन जाते आणि उन्हाळा लागेपर्यंत जागोजागी कोरडी पडते. मधल्या काळात तिच्या पात्रात उरते ते सांडपाणी, कचरा आणि वाळू उपशाने पडलेले खड्डे.

गावाचा पत्ता अनेकदा बदलला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातले हे गाव 1948 च्या मुक्तीनंतर भारतात आले, 1956 ला मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. 1 मे 1999 पर्यंत जिल्हा परभणी, त्यानंतर हिंगोली. प्रत्येक बदलाच्या वेळी लोकांनी विकासाची आशा धरली. नव्या जिल्ह्याला कार्यालये मिळाली, रस्ते मिळाले. सिंचनाचा अनुशेष मात्र हिंगोलीच्या माथी राहिला. नदीकाठी राहूनही पाण्यासाठी टँकरकडे पाहावे लागणे, हे कोणत्याही तीर्थक्षेत्राला शोभणारे नाही.

तीर्थक्षेत्राचा विकास म्हटले की आपल्याकडे भक्तनिवास, सभामंडप, कमान, घाट, फरसबंदी असा क्रम ठरलेला असतो. यातले काहीच वाईट नाही. दुरून येणाऱ्या भाविकाला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळालेच पाहिजे. पण पात्रात पाणी नसेल तर घाट बांधून उपयोग काय? नर्सीच्या कोणत्याही आराखड्यातले पहिले काम कयाधूचे असले पाहिजे. उगमापासून नर्सीपर्यंतच्या ओढ्यानाल्यांवर माती आणि पाणी अडवण्याची कामे, काठच्या गावांचे सांडपाणी नदीत पडण्यापूर्वी शुद्ध करण्याची सोय, वाळू उपशाला खरा लगाम आणि पूररेषा आखून तिच्या आतले बांधकाम थांबवणे, ही चार कामे मंदिराच्या कळसाइतकीच धर्माची आहेत. यासाठी वाशीम आणि हिंगोली या दोन्ही जिल्हा प्रशासनांनी एकत्र बसले पाहिजे, कारण नदीचा उगम एका जिल्ह्यात आणि तहान दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

गावानेही आपला वाटा उचलावा. कोणत्या वर्षी पूर कुठवर आला, कोणत्या विहिरी उन्हाळ्यात टिकल्या, कोणते ओढे बुजले, हे आज जाणत्या माणसांच्या आठवणीत आहे; ते ग्रामसभेने लिहून ठेवावे आणि शाळेतल्या मुलांना आपल्या नदीच्या नकाशासह शिकवावे. नामदेवांच्या चरित्रासोबत कयाधूचे हे चरित्रही नर्सीने जपावे.

परतवारीला येणाऱ्या प्रत्येक दिंडीला आणि निधी मंजूर करणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला एवढेच सांगणे आहे: नामदेवांच्या गावासाठी जे काही करायचे असेल, त्याचा पहिला रुपया कयाधूवर खर्च करा.