केशतैल आणि वैद्याची चिठ्ठी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे कालपरवापर्यंत अहमदनगर या नावाने सरकारदफ्तरी नोंदल्या गेलेल्या जिल्ह्याच्या, दक्षिण भागातील कर्जत तालुक्यात रब्बीच्या हंगामात जो कोणी हिंडला असेल, त्याला ज्वारीच्या पिकाभोवती उभी असलेली करडईची काटेरी कड अपरिचित नसेल. गुराढोरांनी उभ्या ज्वारीत शिरू नये म्हणून कडेने करडईच्या काही ओळी घालावयाच्या, पहाटेच्या दवाने काटे नरम पडले असता ती काढावयाची, खळ्यावर बडवून निघालेले बी घाण्यावर न्यावयाचे, आणि मग तेल घरी व पेंड गोठ्यात, असा या अवर्षणग्रस्त मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. भीमा आणि सीना यांच्यामधील या दुआबात नारळ पिकत नाही; खोबरेल आले ते कोकणातून आणि मलबारातून, पेठेच्या वाटेने. तेव्हा ज्या तेलाची फोडणी तेच तेल माथ्याला, आणि ते तेल बहुधा करडईचे किंवा तिळाचे, ही येथील सर्वसाधारण घरांची वहिवाट होती.

या वहिवाटीचा उल्लेख आम्ही मुद्दाम प्रारंभी करीत आहो. कारण ‘नैसर्गिक तेल लावा’ एवढाच उपदेश करून रुग्णास वाटेला लावण्याची जी सवय आपल्या व्यवसायबंधूंत आणि भगिनींत अलीकडे बळावली आहे, तिच्यात कोणते तेल, कोणत्या घाण्याचे, किती दिवसांचे, कोणत्या विधीने आणि कोणत्या विकारात, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते. ज्वरात आपण ‘काहीतरी काढा घ्या’ असे सांगत नाही. मग मस्तकाच्या बाबतीत ही मोकळीक कशी चालते? केशतैल हे औषध आहे असे आपण मानत असू, तर ते औषधासारखे लिहून दिले पाहिजे, आणि जेथे ते द्यावयाचे नाही तेथे ‘तेल वर्ज्य’ असेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे, हे आमचे म्हणणे आहे.

प्रथम आधारतेलाचा विचार करू. कारण माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंद या नावांच्या मोहात आपण हे विसरतो की बाटलीतील बहुतेक सारा द्रव हा आधारतेलच असतो. करडईबद्दल या भागातील वाचकांना जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भीमा’ आणि ‘फुले कुसुमा’ यांसारखे वाण देऊन या पिकाची केलेली सेवा मोठी आहे, आणि आहारातील तेल म्हणून करडईविषयी आमची काडीमात्र तक्रार नाही. परंतु साधारण वाणांच्या करडई तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो, आणि हे आम्ल हवेतील प्राणवायूशी फार लवकर संयोग पावते. म्हणूनच रंग आणि रोगण यांच्या कारखान्यांत करडईचे तेल वापरले जाते. पातळ थर देऊन ते उघडे ठेवले असता हळूहळू चिकट होते आणि पुढे वाळून त्याचा पापुद्रा धरतो. रंगाच्या धंद्यात जो गुण, तोच केसांच्या मुळाशी दोष ठरतो. रात्रभर माथ्यावर राहिलेले, त्यातून जुने आणि खवट झालेले करडई तेल केसांना गुंता आणते, धूळ धरते, आणि ते काढण्यासाठी तीव्र साबण वापरावा लागल्याने जी रूक्षता घालवावयाची तीच वाढते. त्यात कल्क घालून तास न्‌ तास पाक केला, तर उष्णतेने हा दोष बळावणारच. आपल्या मातीचे तेल म्हणून करडईचा पुरस्कार करण्याचा मोह आम्हालाही होतो. पण रुग्णाच्या माथ्यावर देशाभिमान सिद्ध करावयाचा नसतो. ज्यांना ते वापरावयाचेच असेल त्यांनी नुकतेच गाळलेले, थोडेसे, स्नानापूर्वी तासभर लावून त्याच दिवशी धुऊन टाकावे. साठवणीच्या सिद्ध तैलासाठी मात्र ते घेऊ नये.

तिळाची गोष्ट निराळी. त्यातही असंतृप्त आम्ले विपुल आहेत. परंतु तिळात सेसमोलिनसारखी जी द्रव्ये निसर्गतःच असतात आणि तापविल्यावर ज्यांपासून सेसमोल तयार होते, ती तेलाला खवट होऊ देत नाहीत. आपल्या ग्रंथकारांनी तैल या संज्ञेने प्राधान्याने तिळाचेच तेल घेतले आणि अग्निसंस्कारासाठी तेच निवडले, यामागे दीर्घ निरीक्षण होते हे रसायनशास्त्राने आज दाखवून दिले आहे. महाभृंगराज तैलासारखे कल्प तिळावर उभे आहेत; तर केरळच्या परंपरेतील नीलिभृंगादी हे खोबरेलावर सिद्ध होते. दोन्ही प्रदेशांतील वैद्यांनी आपापल्या पिकाचा आधार घेतला, परंतु दोन्ही ठिकाणी टिकाऊ तेलच पसंत पडले, ही गोष्ट मननीय आहे.

खोबरेलाच्या पक्षात आता आधुनिक प्रयोगांचा दाखला उपलब्ध आहे, आणि तो मराठी वाचकांना जवळचा वाटावा असा आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून असे दाखविले की, धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर लावले असता केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल या तिघांत एकटे खोबरेलच आहे. कारणही त्यांनी दिले: खोबरेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या बाह्य खवल्यांतून आत शिरू शकतो, आणि मग केस पाण्यात फुगण्याचे प्रमाण घटते. खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतून हे निष्कर्ष आले आहेत, ही बाब ध्यानात ठेवूनही आम्हाला ते ग्राह्य वाटतात; कारण खोबरेल केसाच्या आत पोहोचते आणि खनिज तेल पोहोचत नाही, हे त्याआधी 2001 साली वेगळ्या तंत्राने तपासले गेले होते. कर्जतसारख्या भागात, जेथे विंधनविहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि केसांवर पांढरट साका बसतो, तेथे धुण्याच्या आदल्या रात्री लावलेले थोडे खोबरेल केसाच्या दांड्याचे रक्षण करील. परंतु हे रक्षण दांड्याचे आहे, मुळाचे नव्हे; तुटणारे केस त्याने कमी तुटतील, गळणारे केस त्यामुळे थांबतील असे या प्रयोगांतून सिद्ध होत नाही. रुग्णाच्या हाती आलेला केस मध्येच तुटलेला आहे की मुळाच्या पांढऱ्या टोकासह निघालेला आहे, हे दिव्याशी धरून पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहिणे उतावळेपणाचे होय.

एरंडेल घट्ट असल्याने खोबरेलात किंवा तिळात मिसळूनच द्यावे. करंजाचे आणि निंबाचे तेल कंडूत आणि उवांवर परंपरेने दिले जाते, परंतु निंबतेल चुकून पोटात गेल्याने लहान मुलांना आकडी येऊन प्राणावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून लहान मुलांच्या घरात ती बाटली देताना तशी ताकीद चिठ्ठीवरच लिहिलेली बरी.

आता विधी. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात नित्य मस्तकावर तेल घालण्याचा उपदेश केला तो स्वस्थवृत्तात, निरोग्याच्या दिनचर्येत. वाग्भटाने सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मूर्धतैलाचे अभ्यंग, परिषेक, पिचू आणि बस्ती असे चार प्रकार सांगून प्रत्येकाची क्षेत्रे वेगळी केली. रूक्षता, कंडू आणि मल यांसाठी अभ्यंग. परंतु केस गळणे, त्वचा फुटणे आणि दाह यांसाठी त्याने पिचू सांगितला आहे, म्हणजे तेलात भिजविलेला कापसाचा बोळा माथ्यावर ठेवणे. आपल्यापैकी कितीजण केसगळतीच्या रुग्णास पिचू लिहून देतात? बहुतेक ठिकाणी ‘मालीश करा’ असे सांगितले जाते, आणि आधीच सैल झालेली मुळे जोरजोराने चोळल्यामुळे त्या आठवड्यात अधिकच केस हाती येऊन रुग्ण घाबरा होतो. पाकाविषयीही हेच: चरकाने नस्यास मृदू, पान व बस्तीस मध्यम आणि अभ्यंगास खर पाक योजला, परंतु घरगुती केशतैले पुष्कळदा कल्कातील पाणी पुरते आटण्याआधीच उतरविली जातात, आणि मग महिन्याभरात बाटलीच्या तळाशी बुरशी धरते. कल्काची बोटांनी वात वळावी, ती अग्नीवर धरली असता तडतडू नये, आणि तेलावर फेस यावा; या परीक्षा प्रत्येक वैद्याला पाठ आहेत. पाक करताना तेलापाशी उभे राहून त्या प्रत्यक्ष कराव्या लागतात, एवढेच.

तेल कोठे देऊ नये, या प्रश्नाकडे आपण सर्वांत कमी लक्ष दिले आहे. ज्याला आपण कोंडा म्हणतो आणि सुश्रुताने दारुणक म्हणून क्षुद्ररोगांत गणला, त्यात मॅलॅसेझिया नावाचे किण्व माथ्यावरील स्निग्धांशावर पोसले जाते. ते तेलाचे विघटन करून ओलिक आम्लासारखी जी आम्ले मागे ठेवते, त्यांनी संवेदनशील त्वचेचे पापुद्रे सुटतात. तेलकट, पिवळसर, दाहयुक्त कोंड्यावर रात्रभर तेल थापणे म्हणजे त्या किण्वाला अन्न पुरविणेच आहे. कोरड्या, बारीक, हिवाळी कोंड्यात मात्र थोडे तेल आणि लगेच प्रक्षालन यांनी आराम पडतो. दोघांना एकच चिठ्ठी देणाऱ्याने ग्रंथातील कफवाताचा विचारही केलेला नसतो आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणाचाही. चाई पडलेल्या ठिकाणी, किंवा नायट्यासारख्या संसर्गाने चट्टा पडलेल्या मुलाच्या माथ्यावर, निदान होण्यापूर्वी तेल देणे तर सर्वथा अनुचित होय.

आणि केसगळतीचे मूळ पुष्कळदा माथ्यात नसतेच. प्रसूतीनंतर, दीर्घ ज्वरानंतर, कडक उपासानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात आणि पुढील काही महिन्यांत बहुधा आपोआप सावरतात. त्या काळात जे कोणते तेल लावलेले असेल त्याच्या नावावर यश जमा होते आणि वैद्यही त्या यशाची नोंद आपल्या खात्यावर घेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुग्रस्त आहेत. अशा स्त्रीस रक्ततपासणी न सांगता केवळ माक्याचे तेल देणे हा तिच्यावर अन्याय आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये जे घडले ते तर आपल्या सर्वांच्या स्मरणात असावयास हवे. काही दिवसांत शेकडो माणसांच्या, त्यांत लहान मुलांच्याही, डोक्यावरचे केस गेले; प्रथम पाण्याला दोष देण्यात आला, आणि पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रुग्णांच्या रक्तात आणि शिधापत्रिकेवर मिळालेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले दाखवून अन्नाकडे लक्ष वेधले. त्या गावांत कोणी कितीही उत्तम सिद्ध केलेले तैल वाटले असते, तरी अन्नाचा तपास झाल्याशिवाय त्याचा काय उपयोग होता?

बाजाराचे मात्र उलट चालते. यात्राबाजारांत आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर टकलावर केस उगवून देण्याच्या ग्वाही दिल्या जातात. औषध नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीत टक्कल आणि नव्या केसांची वाढ या दोहोंचा समावेश आहे. या विकारांवर गुण येतो असा दावा कोणत्याही औषधाने करू नये, हा तिचा आशय. आपल्यापैकी जे स्वतः तेल तयार करून देतात त्यांनी आपल्या बाटलीवरील मजकूर एकदा या दृष्टीने वाचून पाहावा. बदाम, आवळा यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ तेलांत मुख्य अंश खनिज तेलाचा असतो हे घटकांची यादी वाचली तरी कळते; सुट्या तेलावर मात्र यादी नसते. थंडीच्या कडाक्यात कर्जतच्या रात्री जे खोबरेल गोठत नाही त्याचा संशय घ्यावा, कारण शुद्ध खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजते. इतर तेलांसाठी खनिज तेलाची परीक्षा सोपी आहे: अल्कोहोलातील पोटॅश क्षाराबरोबर तेल उकळून त्यात पाणी घालावे, द्रावण स्वच्छ राहिले तर ठीक, गढूळले तर भेसळ. कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयासारख्या संस्थांच्या रसायनशाळांना तालुक्यातील वैद्यांनी एकत्र येऊन तशी विनंती केली, तर विद्यार्थ्यांना अभ्यास आणि आपल्याला खातरजमा, दोन्ही साधतील.

1917 साली अहमदनगरात आयुर्वेद महाविद्यालय उभे करणाऱ्या गंगाधरशास्त्री गुणे यांनी ‘आयुर्वेदीय औषधी गुणधर्मशास्त्र’ लिहिताना द्रव्याच्या गुणांची जी चिकित्सा केली, तिचा वारसा या जिल्ह्यातील वैद्यांकडे आहे. त्या अधिकाराने आमची मागणी आहे ती अशी: पुढील पावसाळ्यापासून केसांच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आधारतेल, ते कोठून आणि केव्हा गाळलेले, पाकाचा प्रकार, लावण्याचा विधी आणि वेळ, धुण्याचे पाणी विहिरीचे की कालव्याचे, मागील सहा महिन्यांतील ज्वर किंवा प्रसूती, आणि स्त्री असल्यास रक्तातील हिमोग्लोबिन, एवढी नोंद करावी, जेथे तेल नाकारले तेथे नाकारण्याचे कारणही लिहावे. नावे वगळून या नोंदी आमच्याकडे पाठविल्यास, गुण आलेल्या आणि न आलेल्या अशा दोन्ही, त्या जशाच्या तशा छापण्याची तजवीज हे मासिक करील.