दिवाळी होऊ दे, मग बघू

चकलीची भाजणी दळून आलेली असते, अनारशांचं पीठ डब्यात मुरत असतं आणि घरातली एखादी काकू दुखणं अंगावर काढत असते. पाळी जाऊन वर्षं झाली, तरी पुन्हा डाग दिसू लागलेला असतो. जावेनं खोदून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : "दिवाळी होऊ दे, मग बघू."

कर्करोगाच्या संशोधनाची गोष्ट या 'मग'पासूनच सांगायला हवी. महाराष्ट्रात झालेलं एक फार मोलाचं काम त्याच्याशीच झुंजलं.

१९९८ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या २० वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया तीत होत्या. तपासायला डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. व्हिनेगरला आंबटपणा देणारं अॅसिटिक आम्ल पातळ करून गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात पाहायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो, पेशी बिघडल्या असतील तिथे पांढरट डाग उमटतो. लगेच कळतं, 'रिपोर्टला पुढच्या आठवड्यात या' म्हणावं लागत नाही. संशय आला की बाईला टाटाला पाठवायचं.

ज्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी ही तपासणी झाली, तिथे ती न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत हा निष्कर्ष मांडला गेला आणि या तपासणीची बातमी जगभर पोचली.

गावाकडची कथा जरा वेगळी निघाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागानं तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या, एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या आम्लाच्या तपासणीनं मात्र ठोस फरक पडला नाही. म्हणजे स्वस्त उपाय हवा, तर तो पुन्हा पुन्हा करायची तयारी हवी. अडचणीत टाकणारं हे उत्तर लपवलं गेलं नाही, म्हणून या संशोधनावर विश्वास बसतो.

एक आक्षेप मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना अभ्यासाच्या काळात ही तपासणी मिळाली नाही. देशात तेव्हा इतर बायकांनाही नियमित तपासणी नव्हतीच, असं संशोधकांनी सांगितलं. ते खरं असलं, तरी त्या स्त्रियांचं ऋण त्यानं फिटत नाही.

आणि ते अजून फिटलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या २ टक्केही नव्हत्या. तिशीपुढच्या स्त्रियांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. पण उपकेंद्रात पडदा नसेल, दिवा नसेल, शेजारच्याच गल्लीतला पुरुष बाकड्यावर बसलेला असेल, तर कोणती बाई टेबलावर चढेल? मुंबईतल्या त्या सेविकांना हे पुरतं ठाऊक होतं. त्या आधी घरी जात, बाईची भीती घालवत, नवऱ्याची समजूत काढत आणि तपासणीचं नाव मग काढत.