गोहरबाईंचा गुन्हा कोणता?

दिवाळीची पहाट उजाडली, की डोंबिवलीच्या फडके रोडवर नव्या कपड्यांची झुंबड उडते आणि ठाणे-कल्याणच्या नाट्यगृहांत नाट्यपदांना ऊत येतो. बालगंधर्वांचे पद सुरू होताच माना डोलतात. मध्यंतरात चहाचा पेला हाती आला, की त्याच रसिकमुखातून उद्गार निघतो, ‘‘देवमाणूस हो! पण त्या गोहरबाईने बुडवला.’’

बरे तर, हिशेबच मांडू. गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली. केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झाला १९२१ साली. तेव्हाच मंडळी कर्जात रुतलेली होती. भरजरी शालू, उंची अत्तरे, मोठमोठ्या पंक्ती! हा राजेशाही थाट काय विजापूरकडच्या बिळगीच्या गोहरबाईंनी मांडला होता? १९३५ साली नारायणराव प्रभातच्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले, तेही मंडळीचा संसार विसकटल्यावर. गोहरबाई आल्या त्यानंतर, त्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे गलबत खडकावर आपटल्यावर जी त्यात चढली, तिनेच म्हणे ते फोडले!

आता हेच रसिक रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हची कथा सांगताना पाहा, कसे गहिवरतात! संगीत नाटकाची सख्खी बहीण शोभेल अशा ऑपेरातली गायिका पॉलिन व्हियार्दो त्याने १८४३ साली पीटर्सबर्गला ऐकली. बाई विवाहित. तरी हा गृहस्थ चाळीस वर्षे, १८८३ साली मरेपर्यंत, तिच्या बिऱ्हाडाच्या आसपास राहिला. आपली मुलगीही तिच्याच घरी वाढायला ठेवली. त्याला आपण काय म्हणतो? उदात्त! आणि गोहरबाईंना? ती... जाऊ द्या, सणासुदीच्या अंकात तो शब्द नको.

गोहरबाई स्वतः गायिका होत्या, त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका निघालेल्या होत्या. मुलूख कानडी, धर्म मुसलमानी. तरी बालगंधर्वांची पदे त्यांनी गळ्यात मुरवली आणि त्यांच्याच रंगभूमीवर नायिका होऊन उभ्या राहिल्या. साडीतला पुरुष पाहायला सरावलेल्या प्रेक्षकांपुढे साडीतल्या बाईने उभे राहायचे, ही काय सोपी गोष्ट? तिकडे पुरुष लेखक, इकडे बाई. तीही गाणारी, परमुलखातली आणि परधर्माची! दोन तराजू लागले ते इथेच.

लक्ष्मीबाईंचे काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. त्या १९४० साली गेल्या. त्यांच्या दुःखाला तोड नाही. पण अंतरपाटापलीकडे उभे होते ते नारायणराव, गोहरबाई नव्हेत. नवऱ्याच्या खात्यावरची बाकी दुसऱ्या बाईच्या नावावर चढवायची आणि नवऱ्याच्या तसबिरीला हार घालायचा, ही आपली जुनी जमाखर्चाची रीत.

दोघांचे लग्न झाले १९५१ साली. तोवर वैभव आटले होते. पुढे नारायणरावांचे पायही गेले. अशा पांगळ्या माणसाची शुश्रूषा गोहरबाईंनी केली. त्या १९६४ साली गेल्या. त्यांच्यामागे तीन वर्षे नारायणराव अंथरुणावर होते.