एका ‘इंटरेस्ट’चे अनेक अर्थ

इंग्रजीतील काही शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की, त्यांचा नेमका अर्थ विचारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. ‘इंटरेस्ट’ हा त्यांपैकीच एक होय. राजकारणात आपल्याला इंटरेस्ट नाही असे सांगणारा गृहस्थ मुदतठेवीवर इंटरेस्ट किती मिळेल याची चौकशी बँकेत करतो आणि घरी येऊन ‘पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ची बातमी वाचतो. मराठीत या तीन ठिकाणी आपण रस, व्याज आणि हित असे तीन निरनिराळे शब्द योजतो. इंग्रजीचे काम एकाच शब्दात भागते. हे तीन अर्थ एका छपराखाली कसे आले, हा प्रश्न केवळ भाषापंडितांचा नाही. तो अर्थशास्त्राचा आहे, आणि ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे अशा प्रत्येकाचा आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. संस्कृत जाणणाऱ्यांना यात ‘अंतर्’ आणि ‘अस्’ ही ओळखीची नाती सहज दिसतील. दोन गोष्टींच्या मध्ये असणे म्हणजे त्यांत अंतर असणे, म्हणजेच फरक पडणे. ‘त्याने मला काय फरक पडतो?’ असे आपण मराठीत विचारतो, तेव्हा जवळजवळ हाच लॅटिन अर्थ आपल्या तोंडी असतो. ज्याने मला फरक पडतो ते माझ्या हिताचे. ज्यात माझे हित त्यात माझा वाटा. आणि ज्यात वाटा त्याकडे माझे लक्ष. हित, हितसंबंध आणि स्वारस्य या अर्थांची परंपरा अशी सरळ आहे. त्यांत स्वारस्याचा अर्थ सर्वांत धाकटा. तो अठराव्या शतकात रूढ झाला.

व्याजाची वाट मात्र वाकडी आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मपीठाने उसन्या दिलेल्या पैशाच्या वापराबद्दल मोबदला घेणे हे पाप ठरविले होते. त्या मोबदल्याला ‘उसुरा’ म्हणत. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती पद्धतीचे दफनही नाकारले. परंतु व्यापार वाढत होता आणि पैशावाचून तो चालणे शक्य नव्हते. धर्मशास्त्र्यांनी मग एक सूक्ष्म भेद काढला. ऋणकोने मुदतीत पैसे परत केले नाहीत आणि त्यामुळे धनकोचे प्रत्यक्ष नुकसान झाले, तर त्या नुकसानीची भरपाई घेण्यास हरकत नसावी. पैसे हाती असते तर झाली असती ती स्थिती आणि प्रत्यक्ष झाली ती स्थिती, यांच्या ‘मध्ये’ जे अंतर पडले, ते ‘इंटरेस्से’. पुढे या हिशेबात हुकलेला नफाही धरला जाऊ लागला. आम्ही वर्गात ‘संधित्याग खर्च’ या नावाने जी कल्पना शिकवितो, तिचे बीज या धर्मचर्चेत आहे.

म्हणजे ‘इंटरेस्ट’ हा शब्द जन्माला आला तो नुकसानभरपाई म्हणून, पैशाचे भाडे म्हणून नव्हे. त्याला भाड्याचे रूप हळूहळू आले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५४५ मध्ये दहा टक्क्यांपर्यंतचे व्याज कायद्याने मान्य केले. १५५२ मध्ये ती सवलत गेली आणि १५७१ मध्ये एलिझाबेथच्या राजवटीत पुन्हा आली. ज्याला काल ‘उसुरा’ म्हणून शिव्याशाप मिळत, तेच मर्यादेत राहिले की ‘इंटरेस्ट’ या सभ्य नावाने वावरू लागले. स्वार्थाच्या प्रेरणेला अर्थशास्त्रात मानाचे स्थान देणाऱ्या ॲडम स्मिथनेही १७७६ च्या आपल्या ग्रंथात व्याजाच्या दराला कायदेशीर मर्यादा असावी असेच म्हटले होते. ते खोडून काढण्यासाठी बेंथमने १७८७ मध्ये व्याजखोरीचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. अखेर बेंथमचा पक्ष जिंकला आणि १८५४ मध्ये इंग्लंडमधील व्याजमर्यादेचे कायदे रद्द झाले.

ही हकीकत तेथेच संपली असती, तर आपल्याला तिच्याशी कर्तव्य नव्हते. परंतु पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानातही तसाच कायदा झाला. आपल्याकडे व्याजाचा विचार नव्हता असे नाही. कौटिल्याने दरमहा शंभर पणांस सव्वा पण, म्हणजे सालाना पंधरा टक्के, हा धर्म्य दर सांगितला, आणि व्यापार, अरण्यप्रवास व समुद्रप्रवास यांतील वाढत्या जोखमीप्रमाणे तो वाढविला. स्मृतींनी दामदुप्पटीचा नियम घातला. त्यानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंना हा नियम लागू करीत. पण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ती संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. कालचे व्याज आजचे मुद्दल झाले, की दामदुप्पटीचा हात तेथवर कसा पोहोचणार? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, आणि दंग्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशांना रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, तो या अनुभवानंतर.

आज दिवाणखान्यातील सावकाराची जागा बँकेने, वित्तसंस्थेने आणि भ्रमणध्वनीवरील कर्जाने घेतली आहे. शब्दाचा खेळ मात्र थांबलेला नाही. एक लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी ‘फ्लॅट’ दहा टक्क्यांनी मिळते असे सांगितले जाते. व्याज तीस हजार, एकूण एक लाख तीस हजार, हप्ते छत्तीस. प्रत्येक हप्ता सुमारे ३,६११ रुपयांचा. ऐकणाऱ्याला हिशेब सरळ वाटतो. परंतु मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकेवर हिशेब मांडला, तर हाच दर सालाना सुमारे अठरा टक्के भरतो. दहा आणि अठरा यांतील हे ‘अंतर’ कोणाच्या हिताचे, हे सांगावयास नकोच.

रिझर्व्ह बँकेने याबाबतीत दोन स्वागतार्ह पावले उचलली आहेत. हप्ता थकल्यास ‘दंडव्याज’ न आकारता ठरावीक दंडशुल्क घ्यावे, त्यावर पुन्हा व्याज चढवू नये आणि दंड हे उत्पन्नाचे साधन समजू नये, असे तिने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले. विलंबाची भरपाई वेगळी आणि पैशाचे भाडे वेगळे, हा मध्ययुगीन भेदच येथे नव्या पोशाखात परतला आहे. दुसरे पाऊल एप्रिल २०२४ चे. किरकोळ कर्जदारास सर्व आकार धरून प्रत्यक्ष वार्षिक दर सांगणारे पत्रक द्यावे आणि ते त्यास समजेल अशा भाषेत असावे, असा हा आदेश आहे.

खरी कसोटी या शेवटच्या अटीची आहे. ‘समजेल अशी भाषा’ म्हणजे इंग्रजी शब्द देवनागरीत उतरविणे नव्हे. शब्दकोशातून काढलेले जडजंबाल प्रतिशब्दही नव्हेत. कर्जदाराच्या हाती पडतील ते रुपये, तो एकूण परत करील ते रुपये आणि घटत्या शिलकेवरील वार्षिक दर, हे तीन आकडे साध्या मराठीत पहिल्या पानावर असले म्हणजे पुष्कळ झाले. बँकेतील कर्मचाऱ्याने सही घेण्यापूर्वी ते वाचून दाखवावेत. शाळेत सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकविणाऱ्या शिक्षकांनी घटत्या शिलकेच्या हप्त्याचे एक उदाहरण फळ्यावर सोडवावे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

संस्कृतात ‘व्याज’ या शब्दाचा अर्थ मिष किंवा कपट असा आहे. व्याजस्तुती हा अलंकार आपण शाळेत शिकतो, तो याच अर्थाचा. मराठीत तोच शब्द पैशाच्या वाढीला लावला जातो. पैशाचा योग्य मोबदला घेण्यात कपट नाही, हे अर्थशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. तो मोबदला किती, हे ऋणकोपासून झाकून ठेवले जाते, तेव्हा मात्र शब्दाचा जुना अर्थ खरा ठरतो.