कमानिया गेटची मिळकत आणि नवा मालक

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती पडणारी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम बँकेत निमूटपणे मुदत ठेवीत ठेवावी, की तिच्यातून एखादी मिळकत खरेदी करून उर्वरित आयुष्य भाड्याच्या उत्पन्नावर निर्धास्तपणे काढावे, हा प्रश्न जबलपूरच्या मध्यमवर्गीय घरांतून, आणि विशेषतः गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, रेल्वे किंवा विद्युत मंडळ यांच्या चाकरीत हयात घालविलेल्या मराठी कुटुंबांतून, मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. चर्चेचा ओघ फिरून फिरून कमानिया गेटकडेच वळतो. कारण बडा फुहारा आणि सराफा यांच्या त्या गजबजलेल्या मुलखात दोन हात रुंदीचे जरी दुकान मिळाले तरी ते सात पिढ्यांची बेगमी करील, असा समज येथे पक्का रुजलेला आहे. या समजाशी मला भांडावयाचे नाही. माझा आक्षेप आहे तो मिळकत पाहण्याच्या क्रमाला. नवखा खरेदीदार प्रथम रस्त्याकडचे तोंड पाहतो, नंतर मालकाचे दस्तऐवज पाहतो आणि सर्वांत शेवटी, बहुधा इसार देऊन झाल्यावर, आत बसलेल्या भाडेकरूची चौकशी करतो. हा क्रम नेमका उलटा असावयास हवा.

कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक. पट्टाभी सीतारामय्यांचा पराभव करून अध्यक्ष झालेले सुभाषबाबू ज्वराने जर्जर अशा अवस्थेत ज्या अधिवेशनास आले, ते हेच. त्या काळी जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या एकाच कारभाराखाली नांदत होती, आणि पुढे घरांची टंचाई तीव्र झाली तेव्हा भाडेनियंत्रणाचा १९४९ चा जो हुकूम निघाला, तोही त्या साऱ्या प्रांतासाठी एकच होता. भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस द्यावयाची तर मालकाने आधी नियंत्रकाची लेखी परवानगी मिळवावी, असे त्याचे कलम होते. राज्यपुनर्रचनेनंतर वाटा वेगळ्या झाल्या. विदर्भात तो हुकूम २००० सालापर्यंत जीव धरून राहिला; जबलपूरला १९६१ चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम लागू झाला. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. आमच्या मराठी घरांत मिळकतीचा सल्ला बहुधा पुण्याच्या जावयाकडून किंवा नागपूरच्या पुतण्याकडून येतो, आणि त्यांचा सारा अनुभव महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यावर पोसलेला असतो. राहत्या जागेचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार संपला, की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत घेण्याची जी सोय त्या कायद्याने पुण्यातील घरमालकाला दिलेली आहे, ती तशीच जबलपूरच्या दुकानाला लागू पडेल असे मानून केलेला करार येथील दिवाणी न्यायालयात मालकाला कितपत तारील, याचा भरवसा कोणी शहाणा वकील देणार नाही. कागदाचे नाव काहीही असले तरी जागेचा अनन्य ताबा कोणाकडे होता, हे न्यायालय तपासतेच.

आता हिशेब पाहू. समजा, एका जुन्या दुकानाची किंमत ६० लाख रुपये सांगितली आहे आणि आत बसलेला भाडेकरू दरमहा ८,००० रुपये देतो (जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत हा आकडा पुष्कळदा याहूनही लाजिरवाणा असतो). वर्षाचे ९६,००० रुपये झाले. त्यातून नगर निगमचा मालमत्ता कर आणि छपराची किरकोळ डागडुजी वजा जाता ८०,००० उरले, तर ते शेकडा दीडही पडत नाहीत. बँकेची सामान्य मुदत ठेव याच्या कितीतरी पट देते आणि पावसाळ्यात गळत नाही. मग खरेदीदार ६० लाख देतो ते कशासाठी? भाडेकरू एक ना एक दिवस निघून जाईल आणि रिकामे दुकान आजच्या भावाने देता येईल, या आशेसाठी. किमतीचा फार मोठा हिस्सा हा त्या आशेचा मोबदला असतो. विकणारा ती आशा रोखीने विकून मोकळा होतो आणि घेणारा ती डोक्यावर घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढू लागतो.

त्या पायऱ्या किती आहेत, हे नवख्याने आधीच मोजून ठेवावे. १९६१ च्या अधिनियमाचे बारावे कलम भाडेकरूला केवळ ठरावीक कारणांसाठीच काढता येईल असे सांगते. मालकाची स्वतःची खरीखुरी निकड हे त्यांतील एक कारण आहे खरे. परंतु खरेदीने मालक झालेल्याला त्या कारणावर खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष उलटेपर्यंत दावाच लावता येत नाही, आणि त्याच शहरात त्याची दुसरी सोयीची जागा रिकामी असेल तर निकड सिद्ध करणे अवघडच. भाड्याच्या थकबाकीचे कारण दाखवावे, तर मागणीची नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने रक्कम भरली की ते कारण उरत नाही. खालचे न्यायालय, अपील, दुसरे अपील, असा हा प्रवास असतो, आणि उच्च न्यायालय याच शहरात आहे म्हणून तो तिळमात्र लवकर संपत नाही. म्हातारा भाडेकरू आज ना उद्या जाईल, असा हिशेब करणाऱ्या निष्ठुर मंडळींसाठी सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमाखालील एका प्रकरणात १९७६ मध्येच सांगून ठेवले आहे, की करार संपुष्टात आलेल्या भाडेकरूचाही हक्क वारसांकडे जातो. इमारतच कोसळली तर? सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की इमला गेला तरी जमीन राहते आणि जमिनीबरोबर भाडेपट्टाही राहतो.

निवृत्त सरकारी नोकर, विधवा आणि अपंग मालक यांच्यासाठी या अधिनियमात एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याखाली भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे तुलनेने जलद मार्ग आहे, हे खरे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या वाचकांना ही वाट ठाऊक असते आणि तिच्याच बळावर पुष्कळजण व्यवहार रेटतात. पण तेथेही निकड खरी लागते. ज्याने आयुष्यभर फॅक्टरीत काम केले, त्याला निवृत्तीनंतर एकाएकी कापडाचे दुकान थाटण्याची उत्कंठा लागली, हे शपथेवर सांगावे लागते.

म्हणून मी म्हणतो, की भाडेकरू घालविण्याच्या आशेवर मिळकत घेऊ नये. आणि यात केवळ धूर्तपणाचा प्रश्न नाही. ज्या गल्लीचे मोल पाहून आपण पैसे ओततो, ते मोल त्या दुकानदारांनीच रोज सकाळी फळ्या उघडून निर्माण केलेले असते. पाणी तोडणे, वीज बंद करणे, छत मुद्दाम गळू देणे, हे प्रकार या अधिनियमाने निषिद्ध आहेत आणि सभ्य माणसाला ते शोभतही नाहीत. त्यापेक्षा इसार देण्यापूर्वी भाडेकरूच्या गादीवर जाऊन चहा घ्यावा. पावत्या कोणाच्या नावाच्या, भाडे शेवटचे केव्हा वाढले, आत पोटभाडेकरू आहे काय, पूर्वीच्या मालकाला पगडी दिली होती काय, हे विचारावे. महाराष्ट्राच्या कायद्याने पगडीला मान्यता दिली असली तरी येथील अधिनियम ती घेण्यास मनाई करतो, पण भाडेकरूच्या मनात ती रक्कम जिवंत असते आणि वाटाघाटीत ती बोलते. छत कोठे गळते आणि पूर्वीच्या मालकाचा कोणता चुलत भाऊ दर दिवाळीला हिस्सा मागावयास येतो, हेही भाडेकरूच सांगेल. विकणारा सांगणार नाही. कित्येकदा भाडे सन्मानाने वाढवून नोंदणीकृत नवा भाडेपट्टा करावयास तो स्वतःच राजी असतो, कारण त्यालाही अनिश्चिततेचा कंटाळा आलेला असतो.

त्या चुलत भावाचा उल्लेख मी गमतीने केलेला नाही. जुन्या बाजारातील घरे बहुधा अविभक्त कुटुंबांची असतात, आणि एका हिस्सेदाराने स्वस्तात देऊ केलेला अविभक्त हिस्सा घेणे म्हणजे न्यायालयात वाटणीचा दावा विकत घेणे होय. राहत्या घराचा असा हिस्सा परक्याने घेतला तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्याला संयुक्त ताबाही मागता येत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांच्या बरोबरीने सहदायिक हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वडिलांच्या हयातीवर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणींची हक्कसोडपत्रे किंवा सह्या नसतील तर सौदा तेथेच थांबवावा. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, आहे काय, असल्यास पट्ट्याची मुदत केव्हा संपते आणि हस्तांतरणास कोणाची परवानगी लागते, हे नझूल कचेरीच्या नोंदीवरून ताडून पाहावे. नगर निगमच्या करपावतीवर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे.

इमारतीविषयी थोडेच सांगतो. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेचा भूकंप या शहरात झाला, तेव्हा चुन्याच्या आणि मातीच्या जुन्या भिंतींनी काय भोगले हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. त्यानंतर गिलावा करून झाकलेली भेग नव्या रंगाखाली दिसत नाही; तुळईची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे स्थापत्य अभियंत्याला शिडी लावून चढवावे. वरच्या मजल्याचा जिना खालच्या दुकानातून जातो की बोळातून, हेही पाहावे, कारण जिन्याच्या वहिवाटीवरून होणारे तंटे भाड्याच्या तंट्यांहून चिवट असतात.

मालक झाल्यावर पावती देण्याचा कंटाळा करू नये. भाडेकरूला थकबाकीदार ठरविण्यासाठी भाडेच स्वीकारावयाचे नाही, ही युक्ती या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि भाडेकरूची तोडही तितकीच जुनी आहे: तो मनीऑर्डर करी, तळाच्या तुकड्यावर ‘माहे जूनचे दुकानभाडे’ असे सुवाच्य अक्षरात लिही, पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ती परत आणली की कापडी थैलीत जपून ठेवी, आणि न्यायालयात मालकाच्या युक्तिवादासमोर ती थैली उलटी करी. आता रकमा मोबाइलवरून येतात, तरी प्रत्येक महिन्याची पावती द्यावी आणि तिची स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी. आयकरात दुरुस्तीसाठी भाड्यातून शेकडा ३० वजावट मिळते, मग प्रत्यक्षात एक वीटही बदललेली नसो. ही रक्कम प्रामाणिकपणे छपरावर खर्च करणारे मालक मी फार थोडे पाहिले आहेत.

खरेदीखत नोंदले गेले, की त्याच आठवड्यात जुन्या मालकाच्या सहीसह प्रत्येक भाडेकरूला पोच मिळेल अशा टपालाने पत्र धाडावे: अमुक तारखेपासून मिळकत अमक्याची झाली, भाडे अमुक खात्यात भरावे. हे पत्र पोचण्यापूर्वी भाडेकरूने जुन्या मालकाला सद्भावनेने दिलेले भाडे नव्या मालकाला पुन्हा मागता येत नाही. खरेदीपूर्वीची थकबाकीही आपोआप त्याच्याकडे येत नाही. ती हवी असेल तर खरेदीखताच्या मसुद्यातच तसे स्पष्ट लिहून घ्यावे लागते, आणि तो मसुदा विकणाऱ्याच्या अर्जनवीसाकडून न लिहविता आपल्या वकिलाकडून लिहवून घ्यावा.