यादीत कोण नाही?

मित्रहो, डीबीएमएसच्या व्हायवात 'इन' कशासाठी वापरतात असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं : "सर, खूप 'ऑर' लिहावे लागू नयेत म्हणून!" मार्क मिळतात, विषय संपतो. माझ्या मते खरा विषय तिथूनच सुरू होतो.

उत्तर चूक नाही. आपण लिहितो,

व्हेअर शाखा = 'कॉम्प्युटर' अँड जिल्हा = 'जळगाव' ऑर जिल्हा = 'धुळे'

यात 'अँड' आधी सुटतो आणि धुळ्याची सगळ्या शाखांची पोरं यादीत घुसतात. त्याऐवजी जिल्हा इन ('जळगाव', 'धुळे') लिहिलं की घोळ मिटला. पण जास्तीचं नाव आलं तर ते निदान डोळ्यांना दिसतं. गळालेलं नाव दिसत नाही.

समजा, होस्टेलसाठी खान्देशातल्या मुलांची यादी काढायची आहे. सवयीने आपण जळगाव, धुळे टाकून मोकळे होतो. पण 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणजे धडगाव, अक्कलकुव्याहून आलेला, खोलीची सर्वांत जास्त गरज असलेला मुलगाच बाहेर! फॉर्मवर कोणी अनुस्वार देऊन 'जळगांव' लिहिलं असेल, तर तोही गेला. आणि एरर? एकही नाही.

'नॉट इन' तर त्याहून लबाड. फी भरलेल्यांच्या टेबलात एक जरी रोल नंबर 'नल' राहिला, तरी 'नॉट इन'ने काढलेली थकबाकीदारांची यादी कोरी येते. कारण नलशी तुलना केली की उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं. ते 'माहीत नाही' असं असतं. तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलेलं बरं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की जिल्ह्यांची नावं क्वेरीत हाताने टाइप करू नयेत. जिल्ह्यांचं वेगळं टेबल करावं, प्रत्येकाला कोड द्यावा, फॉर्मवर त्यातूनच निवड ठेवावी आणि 'इन'च्या कंसात त्या टेबलावरची सबक्वेरी लिहावी. उद्या नवा जिल्हा झाला तर टेबलात एक ओळ वाढवली की काम झालं.

एवढ्याशा यादीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण त्या यादीवर कोणाची तरी खोली ठरते, कोणाचं वर्ष ठरतं. तेव्हा दोस्तांनो, यादी नोटीस बोर्डावर लावण्याआधी आलेले अर्ज आणि यादीतली नावं यांचा मेळ घाला, आणि जे गळाले ते का गळाले हे एकदा तपासाच!