फक्त एक सही?

गणपतीला मालवणात घरी गेलात, की आरतीनंतर हळूच एक कागद पुढे येतो. ‘काय नाय गो, नुसती सही कर!’ कागदाचं नाव हक्कसोडपत्र. मुंबई-पुण्यात ऑफर लेटरची ओळन् ओळ तपासणाऱ्या मुली इथे मात्र बिनधास्त सही ठोकतात. दादाला नाही कोण म्हणणार? हिस्सा खुशाल सोडा, पण काय सोडतोय ते आधी कळू दे ना!

त्यासाठी गावातला पॅरालीगल गाठा. २००९ च्या ‘नालसा’ योजनेतून शिक्षक, अंगणवाडी सेविका, लॉचे विद्यार्थी असे लोक हे काम करतात. ते वकील नाहीत, कोर्टात उभे राहत नाहीत. पण कागद समजावतात, अर्ज लिहायला मदत करतात, तालुका विधी सेवा समितीची वाट दाखवतात. तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. पुढे वकील लागलाच, तर बाईला तो मोफत मिळू शकतो, पगार कितीही असो. (आयटीवाल्यांनो, खरंच!)

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच. तेव्हा वडील हयात नसले तरीही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ आधीची पक्की वाटणी मात्र कायम. आणि रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं महाकठीण.

हेल्पलाइन १५१००. जिल्ह्याचं विधी सेवा प्राधिकरण ओरोसला आहे.